नवी दालने बांधा, पण आम्हाला विचारून

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आपण सारे अजब बंगला म्हणतो. 1863 साली इंग्रजांच्या अमदानीत ते उभे राहिले. आमच्या धरमपेठेतली पोरे तिथे पेंढा भरलेले प्राणी आणि जुन्या तलवारी पाहून येतात. संग्रहालयाच्या विस्ताराचा विषय निघाला की नवी दालने, बगीचा, उपाहारगृह, रोषणाई अशी यादी पुढे येते. विस्तार व्हायलाच हवा. आमचा प्रश्न एवढाच आहे की त्या नव्या भिंतींवर इतिहास कोणाचा लागणार?

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक आहे. तिथली एक शिळा नागपूरच्या या संग्रहालयात आणली गेली. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन मानला जातो. प्राण्यांना पकडू नका, मारू नका, अशी आज्ञा त्यात आहे. त्याच दगडावर नंतर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या देवस्थानाचा लेख कोरला गेला. एकाच दगडावर दोन राजवटी! विदर्भात धम्म कधी होता आणि त्यावर पुढे काय चढले, हे समजावायला याहून मोठा पुरावा कोणता हवा? या एका शिळेसाठी स्वतंत्र दालन द्यावे, तेही कमीच.

दुसरे पवनी. 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडले ते सांगितले. नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला, म्हणून ही भूमी. त्यानंतर तेराच वर्षांनी, 1969-70 मध्ये, नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने वैनगंगेकाठी पवनीला उत्खनन केले. स्तूप निघाले. स्तंभावर मुचलिंद नाग निघाला, तोही ब्राह्मी अक्षरांत नावानिशी! हे आमच्या किती मुलांना माहीत आहे? पवनीचे दालन नसेल तर विस्तार कसला?

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. पुस्तके विकत घेऊन, भाकरी सोबत बांधून आणून, उघड्यावर झोपून. यांच्याइतका इतिहासाचा भुकेला वाचक या देशात दुसरा नाही. त्या दिवसांत संग्रहालय रात्री उशिरापर्यंत आणि विनाशुल्क उघडे ठेवा. पाटीवरची मराठी खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशी लिहा. बसायला सावली, प्यायला पाणी, स्वच्छतागृह द्या. सार्वजनिक जागा म्हणतात ती हीच. फरशी आणि कारंजी नंतर पाहू.

सरकारवर विसंबून राहायची आमची सवय केव्हाच सुटली आहे. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू वामनराव गोडबोले यांनी चिचोलीच्या शांतिवनात जपल्या, त्या काही शासनाच्या कृपेने नव्हे. पण अजब बंगला राज्य शासनाचा आहे, म्हणजे करदात्यांचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद 51क (च) ने वारसा जपण्याचे कर्तव्य प्रत्येक नागरिकावर टाकले आहे. कर्तव्य आमचे, मग आराखडा बंद खोलीत का?

न विचारता केलेल्या विकासाचे काय होते, ते 1 जुलै 2024 ला नागपूरने पाहिले. दीक्षाभूमीच्या भूमिगत वाहनतळाविरुद्ध आंबेडकरी जनता धावून आली आणि सरकारला काम थांबवावे लागले. तीच वेळ इथे आणू नका. निविदा काढण्याआधी नकाशे आणि दालनांची यादी मराठीत जाहीर करा. हरकतींसाठी तीस दिवस द्या. सल्लागार समितीवर पाली आणि पुरातत्त्व शिकवणारी, बौद्ध समाजातली माणसे घ्या. आमच्या हरकती आम्ही लेखीच देऊ, आणि त्यांची पोचही मागू.