कायदा झाला, तरतूद कोठे आहे?

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. सारा देश त्या घटनेने हादरला. जेथे सरकारी उपचार पोहोचत नाही तेथे गरीब कुटुंबांना अशाच जागांचा आसरा शोधावा लागतो, हे कटू सत्य त्या ज्वाळांनी उघड केले.

संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा संमत केला. २०१८ च्या मे महिन्यात तो अंमलात आला. साखळदंडाला बंदी झाली. सरकारी सेवांमधून परवडणारा उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरला आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला तो विनामूल्य मिळावा, असे कायद्याने सांगितले. वृद्धांसाठी मानसिक आरोग्यसेवा उभारण्याची जबाबदारीही त्याने सरकारवर टाकली. परंतु हक्क कागदावर लिहून रोगी बरा होत नाही. त्यासाठी डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि खाटा लागतात. या सर्वांसाठी पैसा लागतो.

बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक मानसिक विकारांनी ग्रस्त असल्याचे दाखवून दिले. विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. वृद्धांची स्थिती वेगळी नाही. २०११ च्या जनगणनेतच साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींवर गेली होती. जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वृद्ध कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दर आठवड्याला तपासणी, ही योजना २०१०-११ सालीच आखली गेली. मात्र जेथे मुळात डॉक्टरांचीच पदे रिक्त आहेत, तेथे असा कक्ष पाटीपुरताच उरतो.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. राज्यांनी अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले होते. ती मुदत उलटली, तरी बहुतेक राज्ये तेथवर पोहोचली नाहीत. केंद्र सरकारही या दोषातून मुक्त नाही. २०१८ पासून प्राप्तिकरावर आरोग्य व शिक्षणाच्या नावाने ४ टक्के उपकर आकारण्यात येऊ लागला. परंतु उपकर राज्यांना वाटून देण्याचे बंधन केंद्रावर नाही. जबाबदारी राज्यांची आणि तिजोरी दिल्लीची, असा हा व्यवहार आहे.

सरकार जे करीत नाही ते कोणाच्या माथी येते? श्रमिक कुटुंबातील स्त्रीच्या. भ्रमिष्ट सासऱ्याची वा अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करण्यासाठी तिची मजुरी बुडते. नफ्यावर उभ्या असलेल्या व्यवस्थेत, ज्याचे हात थकले तो माणूस हिशेबातूनच वगळला जातो.

दुसरा मार्ग अशक्य नाही. केरळने २००८ साली परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींच्या निधीतून परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. धनाढ्य राज्यांना जे जमले नाही ते तेथे राजकीय इच्छाशक्तीने घडले.

म्हणून प्रत्येक राज्याच्या अंदाजपत्रकात मानसिक आरोग्य व वृद्धसेवेसाठी स्वतंत्र तरतूद झाली पाहिजे, रिक्त पदे भरली गेली पाहिजेत आणि उपकरातील न्याय्य वाटा राज्यांना मिळाला पाहिजे. ही मागणी कामगार, किसान व महिला संघटनांनी आपली मानून लढवली पाहिजे. आयुष्यभर राबलेल्या माणसाला उतारवयात मिळणारा उपचार ही भीक नव्हे. तो त्याच्या श्रमाचा हक्क आहे.