पृथ्वीच्या पोटात एक संध्याकाळ

मराठी माणसाला गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ आठवतं, फार तर घारापुरी. त्यात त्याचा काही दोष नाही. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. त्यात जे काही भव्य आहे ते बहुतेक माणसानं छिन्नी-हातोडा घेऊन खोदलेलं, म्हणून त्याला आपण लेणी म्हणतो. पाण्यानं स्वत:च कोरलेली, कुठल्या राजानं दान न दिलेली, मैलोन् मैल लांबीची गुहा बघायची तर चुनखडीच्या मुलखात जायला हवं. आणि भारतात या बाबतीत मेघालयाचा हात धरणारं दुसरं राज्य नाही.

तर डिसेंबरातल्या एका दुपारी आम्ही चौघं मित्र चेरापुंजीत होतो. तिथली माणसं गावाला सोहरा म्हणतात. चेरा हा साहेबाच्या जिभेचा प्रताप. आमच्यात एक भूगोलाचे मास्तर, एक दातांची डॉक्टर, एक बँकेतला अधिकारी आणि चौथा मी. संध्याकाळी हॉटेलात पत्ते कुटण्यापेक्षा गुहेत जाऊ, ही सूचना मास्तरांची. बँकवाल्यानं लगेच घड्याळ बघितलं. ‘अहो, साडेचारला इथं सूर्य मावळतो. अंधारात गुहेत काय दिसणार?’ मास्तर शांतपणे म्हणाले, ‘गुहेत दुपारी बारालाही तेवढंच दिसतं.’

बँकवाल्याची खरी अडचण वेगळी होती. हा गृहस्थ लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात गेली कित्येक वर्षं जिन्यानं जातोय आणि विचारलं तर प्रकृतीसाठी चांगलं असतं म्हणून सांगतो. आम्हाला सगळं ठाऊक होतं, पण मित्रांत असल्या गोष्टी न बोलायच्या असतात. तो येतो म्हणाला, आम्ही बरं म्हणालो.

गुहा मावम्लूहची. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात, म्हणून क्रेम मावम्लूह. लांबी सुमारे सात किलोमीटर. मावस्माईच्या गुहेसारखे इथे विजेचे दिवे नाहीत आणि सोबत गावचा वाटाड्या हवाच. आमचा वाटाड्या पंचविशीतला खासी पोरगा. त्यानं आम्हाला दिवा लावलेली हेल्मेटं दिली, बुटांचे तळ तपासले आणि डॉक्टरीणबाईंना ‘काँग’ म्हणून हाक मारली. काँग म्हणजे ताई, हे कळल्यावर बाई खूश. आम्ही पुरुष मंडळी ‘बाह’ झालो.

आत शिरताच पहिलं आश्चर्य म्हणजे ऊब. बाहेर बोचरा वारा, स्वेटरावर शाल, आणि आत कानटोपी काढावीशी वाटली. दुसरं आश्चर्य म्हणजे पाणी. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत आणि एका वळणावर थेट कमरेपर्यंत. ते मात्र ऊबदार नव्हतं! डॉक्टरीणबाई जी किंचाळल्या, ती किंचाळी पुढे जाऊन वळून परत आली.

मास्तरांना आता वर्ग मिळाला होता. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, ते चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि दगड विरघळवत जातं. आपला काळा दगड असा विरघळत नाही. छतातून थेंब गळताना विरघळलेला चुना थोडा थोडा मागे राहतो. वरून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, खालून वाढतो तो ऊर्ध्वमुखी. परीक्षेत या दोघांची अदलाबदल करून आपण सगळ्यांनी मार्क घालवलेत. प्रत्यक्ष बघितल्यावर अदलाबदल होत नाही, कारण खालच्याला अडखळून पडायला होतं आणि वरच्यावर हेल्मेट आपटतं.

पुढे वाट अरुंद झाली. दोन हात, दोन गुडघे आणि पोट घासत जायचं, अंतर असेल दहा-बारा फूट. मास्तर गेले, मी गेलो. मागे वळून दिवा टाकला तर बँकवाला तिथेच बसलेला. चेहऱ्यावर घाम. कुणी काही बोलेना. वाटाड्याच म्हणाला, ‘बाह, परत जायचं असेल तर सगळे परत. इथं अर्धे पुढे, अर्धे मागे असं चालत नाही.’ ना आवाजात उपकार, ना चेष्टा. डॉक्टरीणबाई त्याच्या शेजारी पाण्यात बसल्या आणि खुर्चीवरच्या पेशंटला सांगावं तशा म्हणाल्या, ‘तोंड मिटा, नाकानं श्वास घ्या, घाई कुणालाच नाही.’ पाच मिनिटं गेली असतील. मग तो उठला, बाईंना म्हणाला, ‘तुमची फी किती?’ आणि आडवा होऊन सरपटत आला.

पलीकडे मोठं दालन होतं. वाटाड्यानं सगळ्यांना दिवे मालवायला सांगितले. वाचकहो, आपण शहरात ज्याला अंधार म्हणतो तो अंधार नव्हेच. इथं डोळ्यांसमोर नाचवलेला स्वत:चा पंजा दिसत नाही आणि डोळे उघडे आहेत की मिटलेले हे हातानं चाचपून बघावं लागतं. थेंब पडल्याचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळानं बँकवाला बोलला, ‘गंमत आहे. लिफ्टचं दार बंद झालं की मला वाटतं, आता हे उघडलंच नाही तर? इथं दारच नाही.’

दिवे लावल्यावर डॉक्टरीणबाईंची नजर बोटभर लांबीच्या एका नाजूक, पांढऱ्या सुळक्यावर गेली. दातांच्या डॉक्टरच त्या! ‘एवढासा घेऊ का आठवण म्हणून? असे हजारो आहेत.’ वाटाड्यानं उत्तर दिलं नाही. दोन पावलं पुढे गेला आणि छतावरच्या एका मोडक्या बुंध्यावर उजेड टाकला. तो शाळेत असताना कुणा पाहुण्यानं तो मोडला होता. टोकाला पाणी होतं, थेंब गळत होता, पण वाढलेलं काही दिसत नव्हतं. हे सुळके वर्षाला मिलिमीटरचा एखादा अंश वाढतात. बोटभर व्हायला शेकडो वर्षं लागतात, कधी हजाराच्या वर. बाईंनी हात मागे घेतले ते बाहेर येईपर्यंत खिशातच होते.

याच गुहेतल्या अशा एका स्तंभानं तर जगाच्या कॅलेंडरात जागा मिळवली. पृथ्वीच्या इतिहासाचे जे टप्पे भूशास्त्रज्ञ पाडतात, त्यातल्या चालू टप्प्याला २०१८ साली ‘मेघालयन’ हे नाव अधिकृतपणे मिळालं. सुरुवात सुमारे ४२०० वर्षांपूर्वीची, आणि तिची खूण म्हणून निवडला तो मावम्लूहचा ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. त्याच्या थरांतल्या ऑक्सिजनवरून तेव्हाचा पाऊस ताडता येतो, आणि थर सांगतात की त्या काळी पावसानं दगा दिला. त्याच सुमारास इजिप्तपासून सिंधू खोऱ्यापर्यंतच्या संस्कृती डळमळल्या, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. काहींना ते पटत नाही, वाद चालू आहे. पण विरोधाभास बघा! १८६०-६१च्या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस झेलून जागतिक विक्रम करणाऱ्या गावानं दुष्काळाची नोंद जपून ठेवली. २०२२ मध्ये जगातल्या पहिल्या १०० भूवारसा स्थळांच्या यादीतही ही गुहा आली. बाहेर मात्र याच जातीचा दगड सिमेंटसाठी हवा असतो, आणि मेघालयात हे भांडण जुनं आहे.

परतताना वाटाड्यानं भिंतीवरची पुराची रेघ दाखवली. आमच्या डोक्याच्या बरीच वर. पावसाळ्यात इथं कुणी शिरत नाही ते म्हणूनच. थायलंडमध्ये २३ जून २०१८ला बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक फुटबॉलचा सराव संपवून असेच मजेत थाम लुआंग गुहेत गेले होते. पाणी चढलं आणि वाट बंद झाली. ती सापडली २ जुलैला आणि शेवटचा बाहेर आला १० जुलैला. सुटकेच्या कामात नौदलाचा एक माजी पाणबुड्या प्राणाला मुकला. तिथलं पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या अभियंत्यांचाही हात होता.

बाहेर आलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि चांदण्या निघाल्या होत्या. रस्त्याकडेच्या टपरीत काँगनं लाल चहा आणि तांदळाचा गरम ‘पुथारो’ दिला. दिसायला आपल्या घावनाचा चुलतभाऊ. ओल्या पँटी घालून चुलीभोवती बसलेल्या आम्हा चौघांना बघून ती हसत होती.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. आजी-आजोबा आणि मुलं बरोबर असतील तर मावस्माई गाठा, तिथं दिवे आहेत आणि दीडेकशे मीटरांतच पलीकडे निघता येतं. वाटा मात्र तिथंही अंग चोरायला लावतात. मावम्लूहसाठी गावचा वाटाड्या, माणशी जादा एक विजेरी आणि कोरड्या कपड्यांचा जोड घ्या. मोजे दोन जोड.

चहा पिता पिता बँकवाला वाटाड्याला मोठ्या गुहांबद्दल विचारत होता. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह तीस किलोमीटरहून लांब आहे. मावसिनरामकडची क्रेम पुरी वाळूच्या दगडातली, साडेचोवीस किलोमीटरची, २०१८ साली मोजलेली. जैंतियातल्याच एका गुहेत हातभर लांबीचे मासे राहतात, २०१९ मध्ये त्यांची बातमी जगभर गेली होती.

‘मासे चावतात का?’ बँकवाल्यानं विचारलं. वाटाड्या नाही म्हणाला. मग पुढच्या डिसेंबरात रजा किती शिल्लक राहील, याचा हिशेब तो बोटांवर करू लागला.