टेकडीवर साचत जाणारे देणे

वर्धा शहरालगतच्या टेकड्यांवर गेल्या काही वर्षांत जे घडले, त्याकडे विदर्भातल्या बाकीच्या शहरांनी थोड्या हेव्यानेच पाहावे. हनुमान टेकडीवर वैद्यकीय जागृती मंचाने आणि आयटीआय टेकडीवर निसर्ग सेवा समितीने नागरिकांच्या श्रमदानातून मुरमाड, उघड्या उतारांवर झाडे उभी केली. पुढचे विवेचन या दोन संस्थांच्या कारभाराविषयी नाही. त्यांचे यश पाहून गावोगावी, ले-आउटमधल्या मोकळ्या भूखंडांवर, शाळांच्या मागे आणि स्मशानभूमीच्या कडेला जे स्वयंसेवी गट अलीकडे उभे राहत आहेत, त्यांच्या रचनेत एक दोष मुळापासून दिसतो आणि त्याची चर्चा होत नाही, म्हणून हा लेख. असे गट माणसे न मिळाल्याने मोडतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या मते ते बहुधा स्वतःच्या वाढीमुळे मोडतात, आणि मोडण्याची प्रक्रिया सुरू झाल्यानंतरही बाहेरच्याला कित्येक वर्षे ती भरभराटच वाटत राहते.

आधी पाण्याचा हिशेब करू, कारण बाकी सर्व गोष्टी त्यातून निघतात. वर्ध्याचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे असतात आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे. काळ्या भारी जमिनीत ओल काही काळ टिकते, पण टेकडीच्या मुरमात ती दिवाळीनंतर फार दिवस राहत नाही. अशा उतारावर लावलेल्या कडुनिंबाच्या किंवा वडाच्या रोपाला निदान तीन उन्हाळे हाताने पाणी द्यावे लागते असे धरून चालावे. म्हणजे जुलैत लावलेले प्रत्येक रोप ही तीन वर्षांची जबाबदारी असते. समजा एखादा गट दरवर्षी 1000 रोपे लावतो आणि एप्रिल-मेमध्ये दर चौथ्या दिवशी प्रत्येक रोपाला 10 लिटर पाणी देतो. मर सोडून दिली, तर पहिल्या उन्हाळ्यात एका पाळीला 10,000 लिटर, दुसऱ्यात 20,000 आणि तिसऱ्यात 30,000 लिटर पाणी लागेल. पाइप ओढणे, आळे सावरणे आणि पुढच्या रोपाकडे जाणे हे सगळे धरून एक माणूस तासाला 60 रोपे भिजवतो असे मानले, तर तिसऱ्या वर्षी एका पाळीला 50 मनुष्यतास लागतात. म्हणजे दर चौथ्या दिवशी पंचवीस माणसे, प्रत्येकी दोन तास. हे आकडे गृहीत धरलेले आहेत आणि प्रत्येक जागी वेगळे येतील, पण त्यांचा आकार बदलत नाही: लावण्याचे काम दरवर्षी तेवढेच राहते आणि जगवण्याचे काम तीन वर्षांत तिप्पट होते.

ठिबक बसवले की प्रश्न सुटला असे म्हणणारे भेटतात. ठिबकाने पाणी वाचते, हातही वाचतात, हे खरे आहे. परंतु नळ्या खार कुरतडते, तोट्या क्षाराने बुजतात, आणि उतारावरच्या जाळ्यात दाब सगळीकडे सारखा राहत नाही. ठिबकाने पाळीला येणारे पंचवीस जण पाचवर येतात, पण त्या पाचांना व्यवस्था कळलेली असावी लागते. संख्येची गरज कमी होऊन जाणकारीची वाढते, आणि स्वयंसेवी संस्थेत जाणकारी ही माणसांपेक्षा दुर्मीळ असते.

आता हे काम कोणाच्या वाट्याला येते ते पाहू. जुलैतल्या रविवारी शंभर माणसे सहज जमतात. हवा गार असते, खड्डे आधीच खोदलेले असतात, लोकप्रतिनिधी येतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. मे महिन्यात पहाटे साडेपाचला टाकीच्या तोंडाशी उभे असलेले चौघे-पाचजण वेगळे असतात. पाइपाचा जोड गळतो तेव्हा सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आवळून बांधणारा त्यांच्यातला एक असतो, आणि खालच्या टप्प्याचा व्हॉल्व्ह आधी उघडला तर वरच्या टप्प्याला पाणी चढत नाही हे त्याच एकाला ठाऊक असते. कौतुक मिळते ते लावण्याला, कारण लावणे हा प्रसंग असतो, त्याला तारीख असते, संख्या असते. जगवण्याला यातले काहीच नसते. मान, बातमी आणि देणगी ज्या कामामागून येतात त्याच कामाकडे संस्थेचा कल जातो, यात कोणाची लबाडी नाही. म्हणून पुढच्या वर्षी 1000ऐवजी 1500 रोपांचा संकल्प सुटतो, आणि तो सोडणाऱ्यांत मे महिन्यातले ते पाचजण बहुधा अल्पमतात असतात.

हाच कल राज्याच्या पातळीवर मोठ्या आकारात दिसला होता. महाराष्ट्र शासनाने 2016 साली 1 जुलैला दोन कोटी रोपांची मोहीम केली आणि पुढच्या तीन वर्षांसाठी 4, 13 आणि 33 कोटी मिळून 50 कोटींचे लक्ष्य ठेवले. लक्ष्य लागवडीचे होते. जगलेल्या झाडांविषयी प्रश्न उठत राहिले आणि 2021 साली चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. शासनाकडे निदान वन विभाग आहे, रोपवाटिका आहेत, पगारी वनरक्षक आहेत. स्वयंसेवी गटाने तीच मोजपट्टी उचलली तर त्याच्याकडे यातले काहीच नसते.

वर्धा जिल्ह्यात या चर्चेला एक जास्तीचा पदर आहे. इथे श्रमदानाला जी प्रतिष्ठा आहे ती अन्यत्र क्वचितच असेल. 1936 साली गांधीजी सेगावात राहायला आले, पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. पवनारला विनोबांनी 1950च्या सुमारास कांचनमुक्ती आणि ऋषिशेतीचे प्रयोग केले, बैलांचेही साहाय्य न घेता हातांनी जमीन कसली. ही परंपरा अंगवळणी असल्यामुळे श्रमदानाची हाक दिली की इथला माणूस येतो. पण आश्रमातले श्रम ज्या रचनेवर उभे होते ती रचना हाकेबरोबर येत नाही. आश्रमवासी तिथेच राहत, एका पंगतीला जेवत, घंटेवर उठत. शरीरश्रम हे त्यांच्या एकादश व्रतांपैकी एक होते आणि ते रोजचे होते. पाणी घालण्याची पाळी चुकवणारा संध्याकाळच्या प्रार्थनेत सर्वांना दिसे. आजचा स्वयंसेवक आठवड्यातून एकदा येतो, नोकरी आणि घर सांभाळून येतो, आणि आला नाही तर त्याला विचारण्याचा अधिकार कोणालाही नसतो. तसा अधिकार असावा असे म्हणायचे नाही. मुद्दा इतकाच, की आश्रमाकडून आपण श्रमाचा आदर घेतला, पाळ्यांची शिस्त घेतली नाही, आणि आदराच्या जोरावर शिस्तीचे काम होईल असे धरून चाललो.

स्पर्धेच्या रूपाने आलेल्या श्रमदानाचीही मर्यादा ध्यानात घ्यावी. 2017 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या लहानशा गावाने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. गावाने अवघ्या दीड महिन्यात केलेले जलसंधारणाचे काम थक्क करणारे होते, आणि मुदत, मोजणी व निकाल यांनी माणसांची शक्ती किती एकवटता येते याचा तो पुरावाच आहे. मात्र समतल चर आणि बांध मातीत करायचे असतात, दर पावसाळ्यात त्यांत गाळ येतो, आणि गाळ काढण्याला मुदत नसते की निकाल नसतो. काकडदऱ्यासारख्या गावात निदान शेत ज्याचे, लाभही त्याचाच. शहराच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला सावली सारखीच मिळते, मग त्याने पाइप ओढलेला असो वा नसो. सामायिक मालमत्तेचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 साली, दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची उदाहरणे तपासून, जी लक्षणे मांडली त्यांत पहिले होते वापरणारे कोण याची स्पष्ट मर्यादा. टेकडीवर ती मर्यादा घालता येत नाही आणि घालूही नये. मग उरलेली लक्षणे, विशेषतः देखरेख, निर्णयात सहभाग आणि शासनाने दिलेली मान्यता, अधिक काटेकोर ठेवावी लागतात. आपल्याकडे नेमकी तीच सैल असतात.

देखरेख सैल असण्याचे कारण तेच चार-पाचजण. काम ते करतात म्हणून निर्णयही तेच घेतात, आणि हे इतके न्याय्य वाटते की त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. नवा माणूस येतो, त्याला खुरपे मिळते, पण हिशेबाची वही मिळत नाही. तीन-चार महिन्यांत तो गळतो, आणि ‘हल्ली पोरांना चिकाटी नाही’ हा निष्कर्ष निघतो. वस्तुतः ज्या कामात स्वतःचे काही ठरवता येत नाही त्यात चिकाटी धरण्याचे कारणच त्याच्याकडे नसते. गाभ्यातली माणसे मात्र दरवर्षी एका वर्षाने म्हातारी होतात. ज्या गटात ती निवृत्तीनंतर आलेली असतात तिथे दहाव्या वर्षी सगळी एकदमच सत्तरीत पोहोचतात, म्हणजे गुडघेदुखी आणि मुलांकडे पुण्याला जाणे हेही एकदमच येते.

याची कागदोपत्री बाजू फार कमी लोक पाहतात. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली असेल तर विश्वस्तांत झालेला प्रत्येक बदल, राजीनामा असो वा मृत्यू, 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. त्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. उत्साहाच्या वर्षांत तो कोणी भरत नाही, कारण बैठकीत नवा अध्यक्ष निवडला गेला म्हणजे तो अध्यक्ष झाला असे सर्वांना वाटते. शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, मात्र जुनीच नावे राहतात. मग एक सहीदार वारतो, दुसरा गाव सोडतो, आणि बँक नव्या सहीसाठी शेड्यूल वनचा उतारा मागते. अनेक वर्षांचे बदल एकदम दाखल करताना विलंबमाफी, वकील आणि तारखा येतात. या काळात खात्यात पैसे असूनही टँकरवाल्याला द्यायला पैसे नसतात, आणि हे जर एप्रिलमध्ये घडले तर त्या वर्षीच्या कोवळ्या रोपांचा निकाल जूनच्या आधी लागतो.

पैशाचे दुसरे अंग सामाजिक उत्तरदायित्व निधीचे आहे. कंपनी कायदा, 2013च्या कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांचा पैसा वृक्षारोपणाकडे वळला. 2021च्या एप्रिलपासून असा निधी राबवणाऱ्या संस्थेला कंपनी मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, म्हणजे कागद अपुरे असलेला गट आधीच बाजूला पडतो. ज्यांना निधी मिळतो त्यांना तो साधारणपणे प्रति-रोप दराने मिळतो. टेकडीला खरी गरज असते वर्षभर पगारावर असणाऱ्या एका माणसाची, शेतावर पूर्वी सालदार असे तशाची, जो ढोरे हाकलील, फेब्रुवारीत जाळरेषा काढील, मोटर जळली तर त्याच दिवशी कळवील. या माणसाचा पगार निधीच्या तक्त्यात बसवणे अवघड जाते, कारण त्याच्या कामाचा आकडा काढता येत नाही. आणि तो नेमला गेलाच, तर दुसराच प्रश्न येतो: पगारी माणूस आहे म्हटल्यावर स्वयंसेवकांना आपली पाळी अनावश्यक वाटू लागते. त्याच्याकडे काय आणि आपल्याकडे काय, याची वाटणी आधी लेखी न केल्यास एकाच्या पगारात पाचांचे काम अपेक्षिले जाते.

सर्वांत नाजूक बाब जमिनीची. टेकडी महसुलाची, नगरपरिषदेची किंवा एखाद्या खात्याची असते, आणि गटाजवळ असते ते बहुतेक वेळा परवानगीचे एक पत्र, कधी तर तोंडी होकार. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 झाड तोडण्यावर बंधन घालतो. झाड लावणाऱ्याला त्या जागेवर राहण्याचा कोणताही हक्क तो देत नाही. झाडालाही तो पूर्ण अभय देत नाही: 2020 साली वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे पडली तेव्हा नागरिकांना विरोधासाठी रस्त्यावर उतरावे लागले, आणि त्या रस्त्याची पुण्याई तर कोणत्याही टेकडीपेक्षा मोठी होती. न्यूयॉर्कमध्ये 1970च्या दशकापासून रहिवाशांनी ओसाड भूखंडांवर बागा फुलवल्या. 1999 साली तिथल्या महापालिकेने त्यांतले शंभराहून अधिक भूखंड लिलावात काढायचे ठरवले, कारण बागांमुळे वस्ती सुधारली होती आणि जमिनीला भाव आला होता. दोन धर्मादाय संस्थांनी पैसे मोजून ते विकत घेतले म्हणून त्या बागा राहिल्या. वर्ध्याच्या टेकडीसाठी तसा खरेदीदार उभा राहील असे गृहीत धरता येत नाही.

हे सगळे एकत्र घेतले तर क्रम असा दिसतो. तिसऱ्या उन्हाळ्यात कामाचा भार हातांच्या पुढे जातो. नवी रोपे मरू लागतात, पण पहिल्या वर्षीची तगलेली झाडे आता उंच झालेली असतात आणि पाहुण्यांना तीच दाखवली जातात. मेलेल्या रोपांच्या जुन्याच खड्ड्यांत पुढच्या जुलैत नवी रोपे लागतात, त्यामुळे लागवडीची बेरीज वाढते आणि टेकडीवरची झाडे तेवढीच राहतात. गाभ्यातली माणसे थकतात, सह्या अडकतात. टेकडीवर कोणाचाच राबता उरला नाही की एखाद्या खात्याला तिथे पाण्याची टाकी, सभागृह किंवा पार्किंग सुचते, आणि त्या दिवशी आक्षेप नोंदवायला नोंदणीकृत, चालू, अधिकृत सह्या असलेली संस्था अस्तित्वात नसते.

यावर उपाय मोठे नाहीत. चेंज रिपोर्ट वेळेत भरणे, परवानगीच्या पत्राचा निदान काही वर्षांचा करार करून घेणे, व्हॉल्व्हचा क्रम टाकीवर रंगाने लिहून ठेवणे, नव्या माणसाला पहिल्याच वर्षी टेकडीचा एक टप्पा निर्णयासकट सोपवणे, ही कामे कोणत्याही गटाला जमण्याजोगी आहेत. अवघड आहे ती एकच गोष्ट: पुढच्या जुलैत किती खड्डे घ्यायचे हे मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी घालून झाल्यावर, त्या सकाळी हजर असलेल्यांनीच ठरवावे. तसे केले तर काही वर्षी तो आकडा शून्य येईल. ज्या देणगीदाराला तो शून्य समजावून सांगता येत नाही, त्याचे पैसे त्या वर्षी घेऊ नयेत.