तुकोबांची वाट आणि दुखणेकरी

तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम आटोपून बावड्यावरून सराटीकडे जाते. रस्त्याकडेला हात जोडून उभ्या असलेल्या एखादीच्या पिशवीत प्रसादाशेजारी नवऱ्याच्या डायलिसिसची फाईलही असते. तिला तुकोबा आपले वाटतात, याला कारण आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी पत्नी रखुमाई आणि मुलगा संतोबा गमावला, व्यापार बुडाला. परंपरा सांगते, की पुढे त्यांनी लोकांकडून येणे असलेली आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाट्याची मात्र त्याला देऊन टाकली. स्वतःवर आभाळ कोसळले असताना दुसऱ्याचा फास सोडवणारी ही भक्ती आहे. आजारी माणसाला 'पूर्वजन्मीचे भोग' ऐकवणे तिच्यात बसत नाही. औषध बंद करून अंगारा लावायला सांगणे तर मुळीच नाही.

आजही दुखण्यामागोमाग कर्ज घरात शिरते, उसाचे बिल हाती येण्याआधीच संपलेले असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, कर्करोगाचे उपचारही आहेत. अडते ते कागदांपाशी. बावड्यातल्या भजनी मंडळांनी हरिपाठानंतर थोडा वेळ यासाठी द्यावा. रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट नीट लावून द्यावेत आणि रुग्णालयातल्या या योजनेच्या आरोग्यमित्रापर्यंत दुखणेकऱ्याच्या घरच्यांसोबत जावे.