झिजलेल्या पानांचे मोल

अमेरिकेतील लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्याने एखादे पात्र धारण करून कथा पुढे न्यावयाची, असा हा खेळ. पहिल्या प्रती अवघ्या १,०००. लाकडासारख्या दिसणाऱ्या तपकिरी पेटीत नियमांच्या तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर. पुढे पेटी पांढरी झाली. आज त्या पहिल्या पेटीसाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात. प्रत जितकी कोरी तितकी महाग. कोऱ्या प्रती दुर्मिळ, कारण खेळणाऱ्यांनी त्या मनसोक्त हाताळल्या. त्या आनंदाचा हिशेब मात्र बाजार ठेवीत नाही. घरातील फाटके पुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी ते कोणाच्या हातून झिजले, हे वाचकांनी आठवावे, एवढीच आमची विनंती.