बेघर असणे हा गुन्हा काय?

वाचकहो, ज्यास घर नाही त्याने झोपावे तरी कोठे? खाजगी जागेत झोपला तर तो अतिक्रमक, सार्वजनिक जागेत झोपला तर तो संशयित. हवेत अधांतरी राहण्याची विद्या अद्याप कोणास साधलेली नाही!

मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षाप्रतिबंधक कायदा केला. त्यातील भिक्षेची व्याख्या आपण एकदा स्वतः वाचावी. याचना करणे ही भिक्षा, हे समजू शकते. परंतु उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, हा मनुष्य भिक्षेवर जगत असावा असे वाटेल अशा स्थितीत सार्वजनिक जागी वावरणे वा थांबणे, हीही भिक्षाच! म्हणजे कृत्य नकोच. फाटके वस्त्र पुरे. नाक्यावर काम न मिळालेला मजूर, दिवसभर कागद-काच वेचून पुलाखाली टेकलेली म्हातारी, यांचे साधन शिपायाच्या दृष्टीस पडले नाही, तर त्याने वॉरंटाशिवाय पकडावे आणि न्यायालयाने पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवावे. पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. साध्या चोरीस कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे!

आणि घटना? १९८१ साली मुंबईच्या पदपथवासीयांना हुसकावण्याचा हुकूम निघाला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात उपजीविकेचा हक्क २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात सामावतो असे सांगितले. पदपथावर वस्ती करण्याचा हक्क मात्र कोणासही नाही, असेही त्याच निकालात आहे. पहिले वाक्य व्याख्यानांतून गाजते, दुसरे पदपथावर अंमलात येते.

मुंबईचा हाच भिक्षाकायदा १९६० साली दिल्लीस लागू झाला होता. तेथील उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भिक्षेस गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. दारिद्र्यास दंड करणारे कलम दिल्लीत घटनेच्या विरुद्ध आणि मुंबईत मात्र घटनेस मान्य, हा न्याय कोणत्या तर्कशास्त्रात बसतो? महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तो कायदा अजून पुसलेला नाही. आपल्या मतदारसंघाच्या आमदारास हा प्रश्न लेखी विचारा व उत्तरही लेखीच मागा.

तोवर इतके तरी करा. आपल्या वस्तीजवळून असा कोणी उचलला गेला, तर त्यास २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले की नाही, याची चौकशी करा. अटकेतील मनुष्यास १९८७ च्या विधिसेवा कायद्याने विनामूल्य वकील मिळतो, हे त्यास सांगा. त्यास हे दुसरे कोणी सांगणार नाही.