टॉवरमागचा चंद्र

संकष्टीला पंचांगात चंद्रोदय सव्वानऊचा. आमच्या दादरच्या खिडकीत साहेब येतात पावणेअकराला. मधे पूर्वेकडचा नवा टॉवर! आई तोवर उपाशी. परवा वॉचमनकडून गच्चीची चावी घेतली, मोबाइलवर फोटो काढला, तर नुसता पांढरा ठिपका. कारण सिंपल आहे, बॉस. चंद्रावर असतं लख्ख ऊन आणि फोन मोजतो आजूबाजूची रात्र. चंद्रावर बोट ठेवून ब्राइटनेस खाली ओढला, तेव्हा कुठे ससा दिसला. (विवरं हवीत तर अष्टमीचा अर्धा चंद्र गाठा, तेव्हा सावल्या लांब पडतात. पौर्णिमा अगदीच सपाट.) धावत जाऊन आईला दाखवला.

‘‘आता मोबाइलला अर्घ्य देऊ?’’

पुढच्या संकष्टीला तिलाच वर नेतोय. लिफ्ट सहाव्यापर्यंतच जाते. वरचा जिना तिच्या गुडघ्यांच्या स्पीडने.